घरात उजेड पाडायचा तर

नव्या फ्लॅटच्या भिंतींना अजून ओल्या प्लॅस्टरचा वास असतो, कोपऱ्यात सिमेंटची पोती असतात, आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून वायरमन विचारतो, "साहेब, पॉइंट कुठं कुठं काढायचे?" पलंग कुठल्या भिंतीला लागणार, मुलीचं अभ्यासाचं टेबल कुठं येणार, आजी पोथी कुठं बसून वाचणार, यातलं काहीच तेव्हा ठरलेलं नसतं. मग नेहमीचंच उत्तर येतं. मधोमध पंखा, दारावर ट्यूब, टीव्हीमागे दोन प्लग, बाथरूममध्ये एक बल्ब. दहा मिनिटांत भिंतींवर खडूच्या रेघा ओढल्या जातात, दुपारी कटर चालतो आणि पुढची वीस वर्षं घरातली माणसं त्या रेघांच्या हुकमात राहतात.

फरशीचा रंग ठरवायला हीच माणसं चार दुकानं पालथी घालतात. दिव्यांच्या बाबतीत मात्र हिशेब एवढाच असतो की खोली केवढी आणि दिवा किती वॅटचा. घोळ होतो तो इथं. उजेड खोलीला लागत नाही. तिथं भाजी निवडणाऱ्याला, दाढी करणाऱ्याला, गणितं सोडवणाऱ्याला लागतो, आणि प्रत्येकाला निराळा लागतो.

याचा सगळ्यात उघड पुरावा ओट्यापाशी मिळतो. बहुतेक स्वयंपाकघरांत ट्यूब असते ओट्याच्या समोरच्या भिंतीवर किंवा छताच्या मध्यावर, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागे. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजेड पाठीवर पडतो आणि सावली नेमकी चिरायच्या फळीवर. संध्याकाळी सातला मेथी निवडताना त्यातलं गवत दिसत नाही, डाळीतला खडा थेट दाताखाली सापडतो. जास्त वॅटची ट्यूब आणली तर सावली आणखी गडद होते, कारण दिव्याची जागा तीच असते.

उपाय स्वस्त आहे. ओट्यावर भिंतीतली कपाटं असतील तर त्यांच्या तळाला एलईडीची पट्टी लावायची. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला हवी. बरेच सुतार ती मागे, भिंतीच्या टाइल्सना चिकटवून लावतात. फोटोत टाइल्स झकास उजळतात, पण फळीवर पुन्हा अंधारच. पट्टी नुसती चिकटवण्याऐवजी अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत, दुधी झाकणाखाली बसवली तर दोन गोष्टी साधतात. फोडणीच्या वाफेचा तेलकट थर झाकणावर बसतो आणि फडक्यानं पुसता येतो. शिवाय आपल्याकडे ओटा बहुधा काळ्या ग्रॅनाइटचा, तोही चकचकीत पॉलिशचा. उघड्या पट्टीचा एकेक ठिपका त्यात आरशासारखा चमकतो आणि डोळ्यांत टोचतो. दुधी झाकणाखाली तेच ठिपके एकसंध रेघ होतात. वर कपाटं नसतील तर छतावर ओट्याच्या पुढच्या कडेच्या रेषेत दोन दिवे घ्यावेत, म्हणजे उजेड डोक्याच्या मागून न येता हातांवर उतरतो. चिमणीतल्या दिव्यावर फार भिस्त ठेवू नये, तो शेगडीपुरताच असतो.

हे सगळं मोजताही येतं. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते लुमेनमध्ये सांगतात, आणि एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की तो एक लक्स. भाजी चिरायला किंवा वाचायला तीनशे लक्सच्या आसपास उजेड असला की डोळ्यांना ताण पडत नाही; गप्पा मारायला, टीव्ही बघायला शंभरही पुष्कळ. आता दहा बाय बाराची खोली घ्या. तिच्यात वीस वॅटची एलईडी ट्यूब साधारण दोन हजार लुमेन देते. त्यातला बराचसा उजेड भिंती, छत आणि पडदे खाऊन टाकतात आणि टेबलाच्या उंचीवर जेमतेम शंभर लक्स उरतात. त्याच खोलीत पाच वॅटचा छोटा टेबललॅम्प पानापासून दोन फुटांवर आणला तर पानावर चारशेच्या घरात लक्स मिळतात. कारण भूमितीचं आहे. दिव्यापासूनचं अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. एक चतुर्थांश विजेत चौपट उजेड, हे गणित छतावर दिव्यांची रांग लावणाऱ्या कुणी केलेलं दिसत नाही.

वॅटवरून उजेड ओळखायची सवय साठच्या आणि शंभरच्या पिवळ्या बल्बांनी लावली. तेव्हा ती ठीक होती, कारण सगळे बल्ब एकाच जातीचे. विजेचा बहुतेक भाग ते उष्णतेत घालवायचे आणि थोडासा उजेडात. आज नऊ वॅटचा एलईडी साठ वॅटच्या जुन्या बल्बला सहज मागे टाकतो. पण दोन कंपन्यांच्या नऊ वॅटच्या दिव्यांत लुमेनचा मोठा फरक असू शकतो, म्हणून खोक्यावर तो आकडा शोधावा. तो छापलेलाच नसेल तर दिवा परत ठेवलेला बरा.

वॅटच्या फसवेगिरीचा मासला म्हणून झिरोच्या बल्बकडे बोट दाखवता येईल. रात्रभर जळणारा तो लाल-हिरवा बल्ब शून्य वॅटचा असतो अशी पिढ्यान् पिढ्या समजूत होती. प्रत्यक्षात तो बारा ते पंधरा वॅट खायचा. जुन्या चकतीच्या मीटरला एवढी बारीक वीज धड मोजता येत नसे, म्हणून त्याचं नाव झिरो पडलं. पंधरा वॅट आणि रोज आठ तास धरले तर वर्षाला चव्वेचाळीस युनिट होतात. आजचा अर्ध्या वॅटचा एलईडी त्याच कामाला दीड युनिट घेतो.

एलईडी घराघरांत पोचला त्यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली जपानी प्रयोगशाळांतली. लाल आणि हिरवे एलईडी १९६०-७० च्या दशकांपासून होते, पण निळा जमत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तेजस्वी निळा साधला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. आज आपल्याकडचा पांढरा दिवा म्हणजे मुळात निळी चकती आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. दुसरी गोष्ट आपल्या सरकारी खरेदीची. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीनं दिव्यांची इतकी घाऊक खरेदी केली, की २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. छत्तीस कोटींहून अधिक बल्ब या योजनेतून वाटले गेले.

दिवा स्वस्त झाला, पण त्याचा रंग निवडायची वेळ आली की बहुतेक जण अजून अडखळतात. खोक्यावर २७००, ३०००, ४००० किंवा ६५०० असा आकडा आणि पुढे 'के' असतं. तो केल्विन. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, त्याच क्रमानं हे आकडे चढतात. समईची ज्योत दोन हजारांच्याही खाली, जुना पिवळा बल्ब २७००, दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या आसपास, आणि ६५०० म्हणजे ढगाळ आकाशाचा निळसर पांढरा. दुकानदाराची भाषा सुटसुटीत आहे. तो विचारतो, "पिवळा देऊ का पांढरा?" आणि दहातली नऊ गिऱ्हाइकं पांढरा नेतात.

हा पांढऱ्याचा सोस उगाच आलेला नाही. व्होल्टेज पडल्यावर मलूल होणारा चाळीसचा बल्ब, त्याआधीचे कंदील आणि चिमण्या, भारनियमनातली मेणबत्ती यांच्या उजेडात ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्यासाठी पिवळा रंग हा टंचाईचा होता. घरात ट्यूब आली म्हणजे घर सुधारलं. चोक घरघरायचा, स्टार्टर फिरवल्याशिवाय ती पेटायची नाही, तरी पाहुणे आले की आधी ट्यूब लागायची. 'लख्ख' हा शब्द आपल्याकडे कौतुकाचाच आहे. पण त्याच घरात दिवाळीच्या चार दिवसांत पणत्या आणि आकाशकंदील लागले, की सगळे म्हणतात, आज घर किती छान दिसतंय. तो उजेड पिवळा असतो आणि कमीही असतो, हे ध्यानात घेऊन कुणी जानेवारीत हॉलमधला दिवा बदलत नाही, एवढंच.

तेव्हा सरसकट पांढराही नको आणि सरसकट पिवळाही नको. ओटा, अभ्यासाचं टेबल, शिवणयंत्र, कपडे धुण्याची जागा इथं ४००० चा मधला पांढरा चांगला. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३०००. देवघरात २७०० च्या वर जाऊच नये. समईशेजारी ६५०० ची पट्टी लावली की समईही फिकट होते आणि पितळही. एका खोलीत दोन रंगांचे दिवे एकदम लागणार नाहीत एवढी मात्र काळजी घ्यावी.

हॉलची गोष्ट वेगळी. तिथं उणीव दिव्यांची नसते, अकलेची असते. फॉल्स सिलिंग आलं, त्याच्या खोबणीतून कोव्हचा उजेड आला, मग बारा-पंधरा डाउनलाइट आले आणि सगळे मिळून एका बटणावर. पाहुण्यांना एकदा दाखवून झालं की तो थाट बंद होतो आणि रोजच्या वापराला पुन्हा एक ट्यूब. खर्च तोच ठेवून दिव्यांच्या तीन-चार फळ्या वेगळ्या बटणांवर घेतल्या असत्या, तर टीव्ही बघताना मागचा मंद उजेड, वाचताना खुर्चीजवळचा एक दिवा आणि केर काढताना सगळे, असं हवं तसं लावता आलं असतं.

आणि पंखा! परदेशी मासिकांतली चित्रं बघून आराखडा काढणाऱ्यांना त्याचा विसर पडतो. छतातला डाउनलाइट पंख्याच्या पात्यांच्या जवळ आला की प्रत्येक पातं त्याचा उजेड कापत जातं. तीन पाती आणि मिनिटाला साडेतीनशे फेरे धरले तर सेकंदाला सतरा-अठरा वेळा सावली फिरते. अख्खी खोली थरथरू लागते, डोकं चढतं आणि कारण सापडत नाही. लोक दिवा खराब आहे म्हणून बदलतात. नेहमीच्या अठ्ठेचाळीस इंची पंख्याची पाती मध्यापासून दोन फुटांपर्यंत पोचतात. दिवे त्यापलीकडे निदान दीड-दोन फूट, भिंतीच्या बाजूला हवेत, किंवा मग भिंतीवर, पात्यांच्या खालच्या उंचीला. महाराष्ट्रात आठ महिने पंखा चालतो, त्यामुळे खोलीचा नकाशा पंख्यापासून सुरू करायचा आणि दिवे नंतर मांडायचे.

झोपायच्या खोलीत डोळे छताकडे असतात, हे आराखड्यात कुणी मांडत नाही. उशीच्या बरोबर वर डाउनलाइट म्हणजे दवाखान्यातल्या टेबलावर झोपणं. इथं उजेड बाजूनं किंवा भिंतीवरून परतून यायला हवा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना वाचायचा एकेक छोटा दिवा, आणि खोलीच्या मुख्य दिव्याला जिन्यासारखं टू-वे वायरिंग, एक बटण दारापाशी आणि एक उशीपाशी. एवढं असलं की झोपताना "दिवा कोण घालवणार" हा रोजचा तंटा मिटतो.

रात्रीच्या पांढऱ्या दिव्याबद्दल मात्र तंट्यापेक्षा गंभीर कारण आहे. डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, हे या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं. त्यांच्यातलं मेलानोप्सिन ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त जागं होतं आणि मेंदूला कळवतं की अजून दिवस आहे. मग झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन उशिरा पाझरतं. ६५०० च्या दिव्यात निळा भाग भरपूर असतो. रात्री साडेदहापर्यंत लख्ख ट्यूबखाली बसायचं आणि अकराला झोप येत नाही म्हणायचं, यात दोष फक्त मोबाइलचा नाही.

अभ्यासाच्या टेबलाला जुना नियम अजून लागू आहे. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून, डावखुऱ्याला उजवीकडून, नाहीतर पेनाची सावली शब्दावर पडते. नवी भर एकच, दिव्याची लुकलुक. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. स्वस्त दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, तिला नीट सपाट करत नाही आणि दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्याला ते दिसत नाही, तरी काहींचं डोकं दुखतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण केलं की चांगला दिवा स्थिर राहतो, वाईट दिवा धडधडताना दिसतो. शक्य असेल तर दुकानातच ही चाचणी घ्यावी. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्यावा.

साडी घ्यायला गेलेल्या बायका साडी दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उन्हात बघतात, ते शास्त्राला धरूनच आहे. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप म्हणजे सीआरआय, आणि उन्हाला त्यात शंभर गुण. बाजारातला साधारण एलईडी ऐंशीच्या आसपास असतो, आणि तो मार खातो मुख्यतः लाल रंगात. टोमॅटो निस्तेज, कुंकू तपकिरी, चेहरा आजाऱ्यासारखा. कपड्यांच्या कपाटासमोर, आरशापाशी आणि जेवणाच्या टेबलावर नव्वदच्या वरचा दिवा घेतला तर पैसे वसूल होतात. पॅसेजमध्ये आणि माळ्यावर ऐंशी चालतो. बाथरूममध्ये आरशाच्या वर एकच दिवा असला की भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पडते, हनुवटीखालची दाढी अंदाजानं करावी लागते. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर दिवे असले की हा प्रश्न उरत नाही. शॉवरजवळ मात्र पाण्याचे शिंतोडे सोसणारा, आयपी ४४ किंवा त्यावरचा दिवा लागतो.

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर वरचे सगळे आकडे वाढवून धरावेत. वयानं बाहुली लहान राहते, भिंग पिवळं पडत जातं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश साठीत पोचतो. म्हणून आजोबा पेपर घेऊन खिडकीत जाऊन बसतात आणि नातवाला ते हट्टी वाटतात. पण नुसता उजेड वाढवूनही भागत नाही. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यात उघड्या दिव्याची तिरीप गेली की सगळंच धूसर होतं. त्यांना उजेड भरपूर हवा आणि दिवा मात्र डोळ्यांना दिसायला नको, म्हणजे दुधी झाकण किंवा टोपी असलेला दिवा खुर्चीच्या बाजूला, खांद्यामागे. रात्री उठून संडासापर्यंत जायच्या वाटेवर, पायांच्या उंचीला, माणूस हलला की लागणारा छोटा पिवळा दिवा बसवावा. प्लगमध्ये खोचायचा असा दिवा काही शे रुपयांत मिळतो, आणि तो लावायला भिंत फोडावी लागत नाही.

दिवसाच्या उजेडाचं काय? राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-दमट प्रदेशात खिडक्या-झरोके फरशीच्या एक षष्ठांश आणि उष्ण-कोरड्या प्रदेशात एक दशांश असावेत असं सांगते. म्हणजे रत्नागिरीच्या खोलीला जळगावच्या खोलीपेक्षा मोठी उघडीप. प्रत्यक्षात खिडकीला बॉक्स ग्रिल लागते, तिच्यात कुंड्या, वर वाळत घातलेले टॉवेल, आत जाड पडदा. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स असतात आणि आत दुपारी बाराला ट्यूब लागते. भिंतीचा रंगही विसरू नये. पांढऱ्या भिंतीवरून ऐंशी टक्क्यांच्या आसपास उजेड परत खोलीत येतो, गडद निळ्या किंवा चॉकलेटी भिंतीवरून वीस टक्केही मुश्किलीनं.

भाड्याच्या घरात वायरिंगला हात लावता येत नाही, पण होल्डरमधला दिवा बदलता येतो आणि उभा लॅम्प प्लगला लावता येतो. घर सोडताना तो उचलून नेता येतो, हा वरचा फायदा. स्वतःच्या घरात नव्यानं काम काढलं असेल तर ओट्यावरच्या कपाटांखाली, पलंगाच्या दोन्ही अंगांना आणि वाचायच्या खुर्चीच्या कोपऱ्यात वायर आधीच काढून ठेवावी, पुढे काही लागो वा न लागो. पट्टीचे दिवे बहुधा बारा किंवा चोवीस व्होल्टचे असतात. लांब अंतराला चोवीसचेच घ्यावेत, नाहीतर शेवटचं टोक मलूल पडतं. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असतात, म्हणजे रोजच्या सहा तासांनी अकरा वर्षं. पण तेवढी टिकते ती चकती. आधी जातो तो ड्रायव्हर, आणि बंदिस्त छतातल्या उकाड्यात तर फारच लवकर. म्हणून तो पीओपीच्या आत कायमचा गाडू देऊ नये. हात पोचेल अशी झाकणाची जागा सुताराकडून सुरुवातीलाच करून घ्यावी.